एक भागिले सत्त्याण्णव

गणिताच्या बाईंच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं, मग भागाकार, आणि भागाकार नीट उतरला तर चहा. हा कायदा बाईंचा नव्हता, त्यांच्या बाबांचा होता. बाबा उभा जन्म गणित शिकवून निवृत्त झाले, तेव्हा शाळेने त्यांना निरोपाची भेट काय हवी असं विचारलं. माणसं अशा वेळी 'काही नको, तुमचं प्रेम पुरे' म्हणतात. बाबांनी वर्गातला फळा मागितला. तो चौघांनी उचलून आणला, बैठकीच्या भिंतीवर ठोकला, आणि तेव्हापासून त्या घरात खडूचा डबा आणि साखरेचा डबा एकाच फळीवर शेजारी शेजारी नांदू लागले.

पूर्ण भाग जाणारं उदाहरण बाबा कधी घालायचे नाहीत. ते त्यांना मिळमिळीत वाटे. एक भागिले तीन, एक भागिले सात अशी न संपणारी प्रकरणं त्यांना आवडत. तिनाने भागलं की शून्य दशांश तीन तीन तीन, मरेपर्यंत तीनच. साताने भागलं की एक चार दोन आठ पाच सात, आणि फिरून पुन्हा एक चार दोन. असे फिरून फिरून येणारे अंक एकदाच लिहायचे आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढायची, म्हणजे वाचणाऱ्याने ओळखायचं की हे चाक असंच चालू राहणार आहे. ही रेघ म्हणजे बाबांचा जीव की प्राण. ती अखंड हवी, मध्ये कुठे तुटलेली चालणार नाही. रेघ अखंड हवी म्हणून आकडे एकाच ओळीत हवेत, खालच्या ओळीवर उतरायचं नाही. आणि आकडा हाताच्या पंजाएवढा हवा, शेवटच्या बाकावरून दिसला पाहिजे. बैठकीत बाक एकही नव्हता, पण नियम तो नियम.

या फळ्याने आजवर बाईंची दोन स्थळं खाल्ली होती. पहिल्याने साताच्या भागाकारात तीन अंक लिहिले, पुढे तीन टिंबं देऊन टाकली आणि खडू ठेवला. बाबा म्हणाले, पुढे काय येतं ते सांगायला यांना तोंड नाही, संसारातही असंच अर्ध्यावर सोडून 'वगैरे वगैरे' म्हणतील. दुसरा परदेशात शिकून आलेला. त्याने फिरणारे अंक कंसात टाकले. तिकडे तसं लिहितात हे बाबांना ठाऊक होतं, तरी ते म्हणाले की बिचाऱ्या आकड्यांनी काय गुन्हा केला म्हणून त्यांना कोंडून घातलंय. दोघांनाही चहा मिळाला नाही. आईने दोन्ही वेळा कपबश्या मांडून पुन्हा उचलून ठेवल्या.

बाई स्वतः बापाच्या वळणावर गेलेल्या. शाळेत आठवी 'अ' त्यांच्याकडे होती आणि पोरं त्यांना पाठीमागे रेघबाई म्हणत. चौतिसावं लागलं होतं, लग्नाचा विषय घरात आता हळू आवाजात निघे, आणि बाईंनी तो मनातून पुसूनही टाकला होता. तेवढ्यात आठवी 'ब'ला नवे सर आले, आणि त्याच आठवड्यात ते बाईंच्या समोरच्या रिकाम्या जागेत भाड्याने राहायलाही आले. म्हणजे शाळेत शेजारचा वर्ग आणि घरी जिन्यापलीकडचं दार.

हे सर रेघ ओढत नसत. फिरणाऱ्या अंकांतल्या पहिल्याच्या डोक्यावर एक टिंब, शेवटच्याच्या डोक्यावर एक टिंब, संपलं. हीही रीत जुनी आणि रीतसर, पण बाईंनी चाचणीच्या वेळी 'ब'चे पेपर तपासले आणि टिंब दिसेल तिथे अर्धा गुण कापला. सरांकडे 'अ'चे पेपर होते. त्यांनीही डोळ्याला डोळा म्हणून प्रत्येक रेघेचा अर्धा गुण कापला. दोन्ही वर्गांतल्या पालकांनी शाळा डोक्यावर घेतली, मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावून सांगितलं की एका खोलीत बसा आणि सहामाहीच्या आत एक काय ते ठरवा. पोरांनी तोवर सरांचं टिंबसर करून टाकलं होतं.

दोघं गणिताच्या खोलीत, लाकडी कोनमापकांच्या कपाटाला टेकून, रोज मधल्या सुट्टीत ठरवायला बसू लागले. सहामाही उलटली तरी काही ठरलं नाही. ठरलं ते भलतंच. बाई जिना दोन दोन पायऱ्यांनी चढू लागल्या. एकदा त्यांनी वर्गात त्रिकोण काढून त्याला चार कोनांची नावं दिली आणि पोरं हसायला लागल्यावर स्वतःही इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून टिंबसर काय झालं म्हणून बघायला आले, त्यामुळे त्या आणखीच हसल्या. घरी त्यांनी साखरेच्या डब्यातला चमचा खडूच्या डब्यात बुडवून चहात घातला. आईने तो घोट घेतला, पोरीकडे पाहिलं, आणि मग समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. आयांना भागाकार यावा लागत नाही.

आता अडचण एवढीच होती की टिंबसरांना फळ्यासमोर उभं राहावं लागणार होतं. बाई नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पायावर उभ्या, मनात आणतील तर उद्या जाऊन लग्न नोंदवून आल्या असत्या, बाबांनी अडवलंही नसतं. पण बाबा मग गप्प झाले असते. रविवारची संध्याकाळ, बाबांचा तो खडू, त्यांचं ते 'बाकी सांगा, बाकी' हे सगळं बाईंना हवं होतं, आणि टिंबसरही हवे होते. दोघांतला एकही वजा नको होता. म्हणून त्यांनी जिन्यात टिंबसरांना गाठून विनवलं की एकदा, फक्त एकदा, रेघ ओढ.

"तुझ्यासाठी रात्रंदिवस भागाकार करीन," टिंबसर म्हणाले. "पण डोक्यावर टिंबच देणार. आईने शिकवलंय."

त्यांची आई शिक्षिका होती, आता नव्हती. लहानपणी ती थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ सोडायची, बोटाने आकडे लिहायची, पहिलं टिंब ती द्यायची आणि शेवटचं लेकाला द्यायला लावायची. हे ऐकल्यावर बाईंना रेघेचा आग्रह धरवेना. माणूस आवडावा तर असा, आणि नेमका तोच आपल्या बापाशी टक्कर घेणार, असं म्हणत त्या घरी आल्या आणि बराच वेळ उगीच गॅलरीतल्या झाडांची पानं पुसत बसल्या.

रविवारी दुपार कलल्यावर टिंबसर इस्त्रीचा सदरा घालून आठ पावलांचा प्रवास करून आले. घरात आई होती, बाबा होते, आणि वरच्या मजल्यावरची आत्या होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कुणाच्याही घरी काही घडणार असलं की तिला आधी कळायचं. पाणी झालं. बाबांनी सुरुवातीलाच रेघेची बाजू मांडून घेतली. आपल्या लिपीतल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर रेघ असते, ती नसली तर शब्द बोडका दिसतो, मग अंकांनीच काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं.

टिंबसर नम्रपणे म्हणाले, "सर, पण 'अंक' हा शब्द लिहिताना डोक्यावर टिंबही द्यावंच लागतं की."

आत्या फिस्सकन हसली. आईने पदर तोंडाला लावला. बाबा मात्र लालेलाल झाले. आज त्यांनी साताचा भागाकार घालायचं ठरवलं होतं, सात काय, फार तर तेरा. पण राग आला की माणूस हाताला लागेल ते उचलतो. बाबांनी खडू उचलला आणि फळ्याच्या डाव्या टोकाला लिहिलं: एक भागिले सत्त्याण्णव.

बाईंना लगेच हिशोब दिसला. सत्त्याण्णवने भागताना बाकी एकपासून शहाण्णवपर्यंत काहीही उरू शकते, आणि हा महाभाग एकही बाकी सोडत नाही. सगळ्यांच्या घरी जाऊन मग परत येतो. म्हणजे फिरणारे अंक शहाण्णव. पंजाएवढे, एका ओळीत. फळ्यावर जेमतेम वीस बसत. बाबांना हे पुस्तकातून पाठ होतं, पण भिंतीवर मोजून कधी पाहिलं नव्हतं.

"एकाच ओळीत, सर?" टिंबसरांनी विचारलं.

"एकाच ओळीत," बाबा म्हणाले.

टिंबसरांनी बाह्या सरसावल्या. दहात भाग जात नाही, शून्य. शंभरात एकदा, बाकी तीन. तिसात शून्य. तीनशेत तीनदा, बाकी नऊ. त्यांचा हात फळ्यावरून चालू लागला, बाबा मागून बाकी तपासत चालू लागले, आणि बघता बघता फळा संपला. टिंबसर थबकले. बाबांनी भिंतीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. भिंतीला गेल्याच महिन्यात रंग दिला होता, तोही आईच्या पसंतीचा फिका निळा. दोनदा मांडून उचललेल्या कपबश्या तिला आठवल्या असाव्यात.

"लिहा हो," ती म्हणाली. "भिंत काय, पुसता येते."

मग काय विचारता. भिंतीवरचं घड्याळ उतरून पलंगावर झोपलं. आरसा उतरला, तो आत्याने पोटाशी धरला. पुस्तकांचं कपाट बाबांनी आणि टिंबसरांनी मिळून ओढलं, आणि ओढताना बाबांनी 'सांभाळून, कंबर धरेल' असं म्हटलं तेव्हा बाईंनी ते मनात टिपून ठेवलं. विजेचं बटण मध्ये आलं, तर आठाचं वरचं पोट बटणाभोवती काढावं लागलं. कोपरा आला, कोपऱ्यातून आकडे वळले आणि बाहेरच्या दाराकडे जाणाऱ्या बोळकांडीत शिरले. बाकी चौसष्ट, बाकी अठ्ठावन्न, बाकी पंच्याण्णव असं काहीबाही मोठ्याने चाललेलं. आत्या प्रत्येक बाकीला 'अगं बाई' म्हणत होती.

बोळकांडीत पाव वाट गेल्यावर टिंबसर एकदम थांबले आणि हसले. बाकी शहाण्णव उरली होती.

"सर, आता भागायला नको," ते म्हणाले. "एक बाकीवरून निघालो होतो, आता शहाण्णव. दोन्ही मिळून सत्त्याण्णव. इथून पुढचा प्रत्येक अंक म्हणजे आधीच्या अर्ध्यातल्या अंकाला नऊ व्हायला जेवढे कमी पडतात तेवढे."

बाबांची मिशी हलली. हे त्यांना माहीत होतं. याला माहीत असेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी नुसती मान डोलावली. पण पहिले आकडे होते बैठकीतल्या फळ्यावर, आणि टिंबसर होते बोळकांडीत. कुणीतरी फळ्याशी उभं राहून ते वाचून दाखवायला हवे होते. कुणी ते सांगायची गरज पडली नाही, बाई कधीच तिथे जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"शून्य," बाई ओरडल्या.

"नऊ," बोळकांडीतून आवाज आला.

"एक."

"आठ."

हळूहळू दोघांची लय जमली, आणि आकड्यांबरोबर बाईही फळ्यावरून भिंतीकडे सरकत निघाल्या. बाई तीन म्हणत, पलीकडून सहा येत. बाई नऊ म्हणत, पलीकडून शून्य. त्या काय कमी ठेवतात ते हा माणूस भरून काढतोय, आणि जराही अडखळत नाही, हे बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा आवाज आपोआप चढत गेला. टिंबसर दाराबाहेर गेले तसा आवाज पोचेना. मग आत्या उंबऱ्यात उभी राहिली आणि इकडचं तिकडे करू लागली. ते काम ती जन्मभर फुकट करत आली होती, आज पहिल्यांदा कुणी सांगून करवून घेत होतं. चौथ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई कापडाचा गठ्ठा घेऊन वर चालली होती, तिला भिंतीला चिकटून जावं लागलं, आणि जाता जाता तिनेही एकदा 'सात ना, मग दोन' असं सांगून टाकलं. बाईंना हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं, आकडे धूसर दिसू लागले, पण ते त्यांना केव्हाच पाठ झाले होते.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी भिंत संपली. टिंबसरांनी जिन्याची मोकळी जागा ओलांडली आणि पलीकडे पुन्हा लिहू लागले. पलीकडे भिंत हातभरच होती, मग दार. दार त्यांचं स्वतःचं. शेवटचे पाच अंक त्या दारावर आले. बाईंनी बोळकांडीतून शेवटचा 'दोन' सांगितला आणि उत्तराची वाट न बघता धावतच बाहेर आल्या. टिंबसर दारावर सात लिहीत होते.

बाबांनी बाकी तपासली. बाकी एक. चाक पूर्ण फिरलं होतं, एकही अंक चुकला नव्हता.

"आता रेघ," बाबा म्हणाले.

टिंबसरांच्या हातात खडू होता. त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि बाईंना वाटलं, आता हा नाही म्हणणार आणि झालं, सगळी संध्याकाळ पाण्यात. पण टिंबसर काही बोलायच्या आत बाबांनीच खडू काढून घेतला. म्हणाले, इतकी लांब रेघ ओढायचं काम नवख्याचं नव्हे, बघा कशी ओढतात ती.

आणि बाबा आत गेले, पहिल्या शून्यावर खडू टेकवला आणि निघाले. फळा पार केला, भिंत पार केली, कोपरा लीलया वळले. रेघ काय सुरेख येत होती, बाई सुद्धा बघत राहिल्या. बोळकांडीत खडू झिजून नखाएवढा झाला, तो टिंबसरांनी चालता चालता बदलून दिला, बाबांनी मान न वळवता घेतला. दाराची चौकट पार केली. बाहेरची भिंत पार केली. आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन बाबा उभे राहिले, खडू हवेत. पुढे भिंत नव्हती, चांगलं अडीच हात रुंद भगदाड होतं, आणि त्यातून खालच्या मजल्यावरचं मांजर वर बघत होतं.

बाबांनी हात लांब केला, पोचला नाही. हवेत रेघ ओढता येत नाही हे त्यांनाही कळत होतं. आत्याने तोडगा काढला, कपडे वाळत घालायची दोरी. ती आणली, एक टोक बाबांनी धरलं, एक टिंबसरांनी पलीकडे धरलं. पण दोरी मध्ये झोल खाऊन खाली आली, आणि ताणायला गेले तर बाबांच्या बाजूने सुटून आकड्यांवर आडवी पडली.

"ही रेघ नाही," बाबा हताशपणे म्हणाले. "हे तर खोडल्यासारखं दिसतंय."

बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रेघ त्यांना पुरली नव्हती, आणि तीही त्यांच्याच नियमापायी. बाईंना बाबांची फार दया आली. जाऊन शेजारी बसावं असं वाटलं, आणि त्या बसल्याही. बाबा त्या दोन भिंतींकडे आणि मधल्या पोकळीकडे बघत होते.

"तुमच्यात काय करतात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पहिल्यावर एक टिंब, सर. शेवटच्यावर एक."

"आणि मधल्यांचं काय?"

"मधले सगळे त्यात आलेच," टिंबसर म्हणाले. "दोन टोकं धरली की झालं."

बाबांनी आपल्या हातून सुटलेली दोरी पाहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. जाता जाता त्यांनी बाहीने आपली रेघ पुसत नेली, बाहेरची, चौकटीवरची, बोळकांडीतली, सगळी, आणि त्यांची उजवी बाही पांढरीफटक झाली. ते फळ्याशी पोचले. मग खडूचा एकच टक् असा आवाज आला. पहिल्या शून्याच्या डोक्यावर बाबांनी टिंब दिलं होतं.

परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. टिंबसरांनी खडू घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो बाईंच्या हातात ठेवला.

"सुरुवातीचं मी दिलं, पोरी," ते म्हणाले. "शेवटचं तू दे."

बाई जिना ओलांडून समोरच्या दाराशी गेल्या. दारावरचा सात त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. त्यांनी साताच्या डोक्यावर टिंब दिलं. दिलं कसलं, दाबलंच. खडूचे दोन तुकडे झाले आणि टिंब सदऱ्याच्या बटणाएवढं पडलं. टिंबसर त्याच्याकडे बघत राहिले. खिडकीच्या काचेवरचं शेवटचं टिंब आजवर त्यांनीच दिलेलं असायचं. ते नाक ओढून म्हणाले की जरा मोठं झालंय, पण चालेल.

आई आत जाऊन कपबश्या मांडत होती, त्यांची किणकिण बाहेरपर्यंत येत होती. आत्या आपल्याला आधीपासून माहीत होतं असं चौथ्या मजल्याकडे तोंड करून सांगत होती. बाबांनी बाही झटकली, घसा साफ केला आणि बजावलं की परीक्षेच्या पेपरात मात्र दोन्ही रीती चालतील, गुण कुणाचेच कापायचे नाहीत. मग ते दारात बाजूला सरकले. टिंबसर आल्यापासून बाबा त्यांना बसा, लिहा, सांगा असं परक्यासारखं बोलत होते.

"उभा काय राहिलास," ते म्हणाले. "ये आत. चहा निवेल."